करंजासमोरचा झिरा

१

सरकार बसतं नागपुरात, फौजदार बसतो ठाण्यात, आणि माणूस मरतो तो माझ्या शिवारात. पोलीस पाटलाची नोकरी म्हणतात ती ही. त्या दिवशी मी अंगणात तोंड धूत होतो, तेवढ्यात नदीकडून झुंबरबाई धावत आली. माझ्या बायकोनं पाणी पाजलं तेव्हा कुठं ती बोलली.

"पाटील, पुंजाजीबाबा झिऱ्यापाशी उबडे पडले हायेत. उठून नाई राह्यले."

मी तसाच ओल्या तोंडानं निघालो. पुंजाजी भोई म्हणजे आमच्या गावाखालच्या वाडीचा मुखत्यार. दिवाळी झाली, पूर्णेचं पाणी उतरलं की तो दोन-चार बिऱ्हाडं घेऊन नदीच्या पात्रात यायचा. वाळूत कडब्याच्या खोपी उभ्या करायच्या, चर खणून खत भरायचं, डांगरं-खरबुजं लावायची आणि मृगाच्या आधी चंबूगबाळं उचलून निघून जायचं, अशी त्यांची रीत. यंदाची वाडी आदल्या दिवशीच बसली होती. खोपींचा कडबा अजून मोकळा होता, चुलींची माती ओली होती.

पुंजाजी करंजाच्या झाडासमोरच्या झिऱ्याजवळ पालथा पडलेला होता. आमचा हा सगळा काठ खारपाणाचा. विहीर कितीही खोल न्या, पाणी खारंच लागतं. म्हणून लोक पात्रातली वाळू उकरतात, त्यात गोडं पाणी पाझरून येतं, तोच झिरा. वाडीत दर चुलीचा झिरा वेगळा, आणि एकाच्या झिऱ्यात दुसरा हात घालत नाही. पुंजाजीच्या हाताशी त्याचा लोटा होता. अंगावरची काळी घोंगडी निथळत होती. डोक्याला मागून खोक पडली होती, आणि जखम धुतल्यासारखी स्वच्छ दिसत होती.

मला वाईट वाटलं. म्हातारा तोंडाचा फाटका होता, पण दर उन्हाळ्यात पहिलं खरबूज माझ्या दारात आणून ठेवायचा आणि वर "खाऊन पाहा, तुमच्या खाऱ्या विहिरीवर असं पिकते का," असं मला चिडवायचा.

करंजाच्या खोडाला एक माणूस बांधलेला होता. बांधणारा शेषराव, झुंबरबाईचा नवरा, शेजारी छाती काढून उभा होता.

"हा खुर्शीद," तो म्हणाला. "खामगावच्या कापसाच्या जिनातून आला, यंदा नवाच हाय. झिरा बी याचा अन् बाजूले पडलेलं फावडं बी याचं. अजून काय पाह्यजे, पाटील?"

खुर्शीदच्या पायाशी त्याची बायको बसली होती. सरवरी तिचं नाव. दिवस भरलेले होते, आज की उद्या अशी गत. ती रडत नव्हती. नवऱ्याच्या पायाला दोरी काचत होती, तिथं तिनं आपल्या ओढणीचा पदर घातला होता.

मी कोतवालाला ठाण्यावर पिटाळलं. फौजदार संध्याकाळपर्यंत येणार. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. बांधलेला इसम दिसला की तो दुसरा शोधत नसे. तेव्हा जे काही करायचं ते मलाच दिवस मावळायच्या आत करायला हवं होतं. नाहीतर ही बाई उद्या वाळूवर एकटी बाळंत होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

२

"झिरा याचा कसा?" मी शेषरावाला विचारलं. "करंजासमोर पुंजाजीच झिरा करतो. मी लहानपणापासून पाहतो आहे."

"करत होता. काल याले देऊन टाकला. सरवरीचे दिवस भरले, तिले दूर चालनं व्हत नाई म्हून. खोपीइच्या जवळ हाच एक झिरा. सोताचा त्यानं वर, नदीच्या वाकणापलीकडं खणला. आमी सारे तथीच होतो, आमच्यासमोरच झालं."

"मग भांडण कुठं आलं?"

"दिलेला झिरा परत मागाले आला असन सकाळीच. म्हाताऱ्याले कोनाले काई द्याची सवय होती का? यानं फावडं घातलं डोक्यात."

झुंबरबाई मागून म्हणाली, "काल संध्याकाळी दोघांचा आवाज चढला होता, हे म्या ऐकलं हाय."

मी खुर्शीदला सोडवला नाही. सोडवला असता तर गाव वाळूत उतरलं असतं. पण दोरी सैल केली आणि विचारलं, "काल काय झालं?"

"मी नको म्हनत होतो, पाटीलसाहेब," तो म्हणाला. जिनातल्या धुळीनं त्याची छाती घरघरत होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "म्हनलं, बाबा, तुमचा जुना झिरा हाय, मी नवा आदमी, लोक काय म्हनतीन? तर तेच खवळले. म्हने, मले शिकवतो का बे, पोरीनं हंडा घेऊन वाकणापलीकडं जावं का? यवढाच आवाज चढला. मंग मीच त्याइच्या संग जाऊन नवा झिरा खणू लागलो. अंधार पडला, म्हून त्यातलं पानी बी नाई चाखलं त्याइनं. सकाळी पिऊ म्हने."

"तू सकाळी झिऱ्यावर आला होतास?"

"नाई. झुंबरबाईची बोंब ऐकून उठलो."

खोटं बोलणारा माणूस थोडं जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, पण कमी बोलला म्हणून कुणी सुटत नाही. मी सरवरीजवळ उकिडवा बसलो.

"बेटी, काल पुंजाजीबाबानं आणखी काय केलं? आठव."

"नदीची पूजा केली," ती म्हणाली. "नारळ फोडला. मंग सगळ्याइले शेरनी वाटली, खोबरं अन् गूळ. मले दोन वाटे देले, एक पोटातल्याचा म्हने. सगळ्याइले भेटलं तरी एक वाटा उरला. म्या इचारलं, बाबा, हा कोनाचा? ते नुसते हासले. फडक्यात बांधला अन् कमरेले खोसला."

मी उठून मृताच्या कमरेला हात लावला. कमरेला पानाची चंची होती. फडकं नव्हतं.

३

पुंजाजीला आम्ही त्याच्या खोपीच्या सावलीत नेऊन निजवलं. घोंगडी झुंबरबाईनं काढून झाऊच्या झुडपावर वाळत घातली. मी मात्र झिऱ्यापाशी थांबलो.

झिऱ्यात पाणी तुडुंब भरलेलं होतं आणि वर करंजाची पिवळी पानं तरंगत होती. एक मेलेला किडाही होता. मी दोनदा पाहिलं. रात्रभर साचलेलं पाणी कोणी पीत नाही. त्यात कुत्री तोंड घालतात, पाला पडतो. सकाळी पहिला येणारा आधी झिरा उपसतो, बाजूला ओल्या वाळूचा चिखल होतो, मग नितळ पाणी वर येतं, तेव्हा तो ओंजळ भरतो. पुंजाजीचा जन्म यात गेला. तो लोटा घेऊन पाण्याला आला असता तर आधी झिरा उपसला असता.

आणि डोकं कशावर फुटलं? फावडं मी उचलून पाहिलं. पात्याला काल खणलेल्या वाळूचा पापुद्रा जशाच्या तसा सुकलेला होता. मारलं असतं किंवा धुतलं असतं तर तो राहिला नसता. चहूकडे वाळूच वाळू. वाळूत पडून कोणाचं डोकं फुटत नाही.

एवढ्यात काठावरून इंद्रभान उतरताना दिसला. पुंजाजीच्या बहिणीचं पोर. आई लहानपणीच गेली, मामानंच वाढवलं. दर साली वाडीत मामाच्या हाताखाली राबायचा. यंदा मात्र त्यानं वाडी सोडली आणि माझ्याकडे सालदार राहिला. मी वीटकाम काढलं होतं, त्याचा चिखल भिजवायला तो माझ्या विहिरीवर मोट हाकत होता. दिवाळीत मामा त्याला चारचौघांत टाकून बोलल्याचं मी ऐकून होतो. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. काल वाडी बसली, पण हा खाली उतरला नव्हता. कोतवालानं ठाण्यावर जाता जाता काठावरून त्याला फक्त हाक मारली होती, ती मला खालपर्यंत ऐकू आली होती, "तुहा मामा गेला."

इंद्रभान आला तो सरळ खोपीत शिरला आणि मामाच्या छातीवर पडला.

"मामा, जलमभर ज्या झिऱ्याचं पानी पेला, तथीच जीव देला रे तू. आपल्याच झिऱ्यापाशी पडला रे."

बाया रडू लागल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मामाला शेवटचं कधी पाहिलंस?"

"दिवाळीले," तो म्हणाला. "नंतर नाई."

मग शेषरावानं त्याला करंजाकडे बोट दाखवलं. "त्यो पाह्य. त्यानं मारला. झिऱ्यासाठी."

इंद्रभाननं मान वर केली. खुर्शीदला पाहिलं, सरवरीला पाहिलं आणि त्याची नजर एकदम वाळूत गेली. मला वाटलं, रागानं.

४

दुपार कलली. बायकोनं भाकरी पाठवली होती, ती मला गिळवली नाही. निम्मी सरवरीला दिली. तिनं त्यातली अर्धी नवऱ्याच्या तोंडात भरवली. शेषराव तोंड फिरवून बसला.

मी पाय मोकळे करायला उठलो आणि झाऊच्या झुडपापाशी अडखळलो. घोंगडी कडेनं वाळली होती. काळ्या लोकरीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, पाणी जिथवर चढलं आणि जिथून आटलं तिथवर. मी बोटानं खरवडलं आणि जिभेला लावलं.

खारट.

झुंबरबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्याला हात लावला. मऊ होतं, नदीत धुतलेलं. पूर्णेच्या झिऱ्याचं पाणी असं पांढरं फुटत नाही. पुंजाजी भिजला तो इथं नव्हे. तो कुठल्या तरी विहिरीवर भिजला आणि नंतर इथं आणून ठेवला गेला.

गावातल्या विहिरी खाऱ्या खऱ्या, पण कापडावर मीठ फुटेल इतक्या नाहीत. तसलं जहर पाणी या शिवारात एकाच विहिरीला आहे. बैलसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ती नुसती चिखल भिजवायच्या कामाची. माझी सगळी धोतरं त्या पाण्यानं पापडासारखी कडक झाली आहेत, आणि बायको मला त्यावरून रोज ऐकवते.

ती विहीर माझी.

५

मी एकटाच काठ चढलो. मोटेचे बैल सावलीत रवंथ करत होते. चिखलाचा खड्डा सकाळपासून भिजवलेला नव्हता. मोट जिथं रिकामी होते ते दगडी थारोळं मात्र लख्ख होतं. आठ दिवसांचा गाळ त्यात असायचा, आज कोणीतरी घासून काढला होता.

मी थारोळ्याच्या कडेला बसलो. बसल्या बसल्या मुंग्यांची रांग दिसली. थारोळ्याच्या मागून निघून ती बांधाच्या गवतात शिरत होती. गवत बाजूला केलं. एक ओलं फडकं पडलं होतं, गाठ तशीच होती, आणि मुंग्या तिच्यात शिरत होत्या. गाठ सोडली. खोबऱ्याचा एक तुकडा, वर गुळाचा खडा.

सरवरीनं विचारलं होतं, हा वाटा कोणाचा. वाडीत जे होते त्या सगळ्यांना शेरणी मिळाली होती. मग उरलेला वाटा जो आला नाही त्याचाच असणार. काल नदीच्या पूजेला पुंजाजीचा म्हणावा असा एकच माणूस आला नव्हता.

मी फडकं पुन्हा बांधलं आणि खाली उतरलो.

६

"सगळे इकडं या," मी म्हणालो. "फौजदार यायच्या आत मला तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत. शेषराव, आधी तू सांग. पुंजाजीला मारून मुद्दाम कुठंतरी ठेवायचं असतं, तर खुर्शीदनं त्याला स्वतःच्याच झिऱ्यापाशी ठेवलं असतं का?"

"ठेवलं कशाले? तथीच मारला त्यानं."

"तिथं मारला नाही. वाळूत डोकं फुटत नाही, आणि फावडं कालपासून कोरडं आहे. झिरा उपसलेला नव्हता, म्हणजे तो पाण्यालाही आला नव्हता. आणि ही घोंगडी. चाखून पाहा."

शेषरावानं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं.

"हे माझ्या विहिरीचं पाणी आहे," मी म्हणालो. लोक माझ्याकडे पाहू लागले. पाहणारच. "पुंजाजी तिथं मेला. मग कोणीतरी त्याला उचलून खाली आणला आणि करंजासमोर ठेवला. का? म्हातारा आपल्या झिऱ्यावर गेला, पाय घसरून पडला, असं लोकांना वाटावं म्हणून. पण तो झिरा आता पुंजाजीचा नव्हता. काल संध्याकाळी जे वाडीत होते त्यांना सगळ्यांना ते ठाऊक होतं. शेषरावाला, झुंबरबाईला, खुर्शीदला, सरवरीला. यांच्यापैकी कोणी त्याला ठेवला असता तर वाकणापलीकडच्या नव्या झिऱ्यावर ठेवला असता. ठेवणाऱ्याला जुना झिरा माहीत होता. कालचा माहीत नव्हता."

मी खोपीच्या तोंडाशी बसलेल्या इंद्रभानकडे गेलो.

"कोतवालानं तुला मामा गेला एवढंच सांगितलं. तू आलास तेव्हा मामा इथं खोपीत होता. तो झिऱ्यापाशी पडला होता हे तुला कोणी सांगितलं? आणि तू 'आपल्याच झिऱ्यापाशी' म्हणालास. काल नदीच्या पूजेला आला असतास तर तसं म्हणाला नसतास."

मी फडकं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"उघड. तुझंच आहे."

त्यानं गाठ सोडली. खोबऱ्याचा तुकडा पाहिला आणि तो जागच्या जागी खाली बसला.

"हे द्याले आला होता?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला. "पाटील, हे द्याले आला होता का तो?"

"हो."

"म्या मोट जुपून राह्यलो होतो. झुंझुरका होता, पुरतं उजाडलं नव्हतं. मामा आला, काई बोलला नाई. मले वाटलं, परत न्याले आला, पुन्हा चार लोकाइत बोलन. त्यानं कमरेले हात घातला. मले वाटलं, आता चाबूक नाईतर काठी काढते. लहानपनी मारायचा तसा. म्या झटकून देला त्याले. थारोळ्यात पडला, डोक्याले दगड लागला. लई पानी मारलं तोंडावर. नाई उठला. मंग खांद्यावर घेतला अन् त्याच्या झिऱ्यापाशी नेऊन ठेवला. लोटा त्याच्याच संग होता, तो हाताशी ठेवला. पुन्हा जाऊन थारोळं धुतलं. लोकाइले वाटन घसरला. कोनाले बांधतीन असं नव्हतं वाटलं मले."

"आणि बांधलेला दिसल्यावर?"

मामाला ढकलला तो गुन्हा मी समजू शकत होतो, जवळजवळ माफ करू शकत होतो. पण एका बाईचं घर डोळ्यांसमोर मोडत असताना हा दुपारभर वाळूत पाहत बसला, ते मला माफ करता येईना. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. त्यानं मान हलवली.

शेषरावानं स्वतःच जाऊन खुर्शीदची दोरी सोडली. माफी मागायला त्याला जमलं नाही. सरवरीसमोर त्यानं पाण्याचा हंडा भरून आणून ठेवला, एवढं केलं.

७

दूर काठावर घोड्याच्या टापा वाजल्या. इंद्रभान उठला आणि खुर्शीदसमोर जाऊन उभा राहिला. वर बघायची हिंमत त्याला होत नव्हती.

"मामाच्या तोंडात पानी घालाचं राह्यलं," तो म्हणाला. "त्याचा झिरा मले माहीत नाई."

खुर्शीद मनगटं चोळत होता. दोरीचे वळ उठले होते. तो म्हणाला, "चाल."

मी त्यांच्या मागून गेलो. वाकणापलीकडे पुंजाजीनं काल खणलेला झिरा होता. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून त्यानं वर बाभळीची फांदी ठेवली होती. खुर्शीदनं ती काढली. इंद्रभाननं रात्रीचं पाणी लोट्यानं उपसून टाकलं आणि दोघं वाट पाहत बसले. वाळूतून पाणी हळूहळू वर आलं, नितळ. खुर्शीद म्हणाला, "आता भर."

ते पाणी इंद्रभाननं मामाच्या ओठांवर सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं दाढीतून ओघळलं. झुंबरबाईनं पदरानं पुसलं.

फौजदार घोड्यावरून उतरला आणि सवयीप्रमाणे विचारलं, "कोणाला बांधलंय?" मी इंद्रभानकडे बोट केलं. त्यानं आपणहून दोन्ही हात पुढे केले. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांमधून गुळाचा ओघळ मनगटावर आला होता. कोतवालानं माझ्याकडे पाहिलं. मूठ तशीच राहू दे, मनगटाला बांध, असं मी त्याला सांगितलं.